कोल्हापूरचा पाऊस आणि भाजीपाल्यावरील रोग

गगनबावड्यापासून शिरोळपर्यंत नकाशावर सरळ रेघ ओढली, तर ती शंभर किलोमीटरांचीही भरत नाही. परंतु एवढ्या थोड्या अंतरात पावसाचे मान इतके बदलते की, दोन्ही टोके एकाच जिल्ह्यात आहेत यावर परक्या माणसाचा विश्वास बसू नये. घाटमाथ्यावरील गगनबावड्यास वर्षाकाठी 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेकडील शिरोळ तालुक्यास 500 मिलिमीटरच्या आसपास पावसावर वर्ष काढावे लागते. मधल्या करवीर, पन्हाळा, कागल, हातकणंगले या पट्ट्यात पावसाचे मान या दोहोंच्या दरम्यान असते. यामुळे एका तालुक्यात यशस्वी ठरलेली लागवडीची वेळ दुसऱ्या तालुक्यात अंगाशी येते. शिवाय निसर्गाने येथे आणखी एक गाठ मारून ठेवली आहे. पश्चिमेचा पाऊस पश्चिमेस राहत नाही. कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांच्या वाटेने तो पंचगंगेत येतो आणि नृसिंहवाडीस कृष्णेला मिळतो. म्हणजे ज्या शिरोळच्या शेतात आभाळातून पाऊस थोडा पडला, त्याच शेतात गगनबावड्याचा पाऊस पूर होऊन उभा राहतो.

भाजीपाल्यावरील रोगांचा विचार करताना ही वस्तुस्थिती प्रथम ध्यानी घ्यावयास पाहिजे. रोग उद्भवण्यास तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात: रोगजंतू, त्यास बळी पडणारे पीक आणि अनुकूल हवा. पैकी रोगजंतू जमिनीत, बियाण्यात व मागील पिकाच्या काडीकचऱ्यात बहुधा असतातच, आणि पीक तर शेतकऱ्याने स्वतः लावलेले असते. राहता राहिली हवा. बुरशीचा बीजाणू पानावर पडला म्हणून लगेच रोग होत नाही. तो रुजण्यास पान काही तास सतत ओले राहावे लागते. मुळांच्या रोगांचेही तसेच आहे. साचलेल्या पाण्यात मुळांचा श्वास कोंडला म्हणजे कुजव्या बुरशींना वाट मोकळी होते. म्हणून पान किती वेळ ओले राहते आणि मुळाशी पाणी किती वेळ थांबते, हे दोन प्रश्न ज्याने आपल्या शेताला विचारले, त्याचे निम्मे काम औषधाच्या दुकानात जाण्यापूर्वीच झालेले असते. आभाळ कोणाच्या हाती नाही. परंतु हे दोन कालावधी कमी करणे बऱ्याच अंशी शेतकऱ्याच्या हाती आहे.

रोपवाटिकेपासून आरंभ

पावसाळी टोमॅटो, वांगी, मिरची व कोबीवर्गीय पिकांचे पहिले नुकसान शेतात न होता वाफ्यातच होते. मृगाच्या सरी सुरू झाल्या, आभाळ चार दिवस उघडले नाही, की दाट पेरलेली कोवळी रोपे जमिनीलगत मऊ पडून आडवी होतात. यास रोपे कोलमडणे असे म्हणतात. सपाट वाफ्यात, एकाच जागी दरवर्षी, मूठ-मूठ बी फेकून रोपे तयार करण्याची सवय या रोगास सर्वस्वी अनुकूल आहे. त्यासाठी सुमारे 3 मीटर लांब, 1 मीटर रुंद व 15 सेंटिमीटर उंच असे गादीवाफे करावेत, बी ओळीत व विरळ पेरावे आणि पेरणीपूर्वी दर किलो बियाण्यास 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावे. ज्यांना शक्य आहे त्यांनी एप्रिल-मे महिन्यांच्या कडक उन्हात वाफे भिजवून त्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद चार ते सहा आठवडे ताणून, कडा मातीने बुजवून ठेवावा. त्या उष्णतेने वरच्या थरातील बुरशी व तणांचे बी पुष्कळसे मरते. हा उपाय बिनविषारी असून कागद पुन्हा वापरता येतो. पुष्कळ शेतकरी हल्ली खाजगी रोपवाटिकांतून ट्रेमधील रोपे आणतात. त्यात काही गैर नाही. मात्र रोपे घेताना पानांपेक्षा मुळे पाहावीत. पांढरी मुळे असलेले बुटके रोप हे हिरव्यागार पण तपकिरी मुळे असलेल्या उंच रोपापेक्षा कधीही चांगले.

करपा एक, रोग दोन

पावसाळ्यात बाजारात टोमॅटोची आवक घटते व भाव वाढतो. त्या भावाच्या आशेने कोल्हापूरच्या मधल्या व पूर्व पट्ट्यातील शेतकरी जून-जुलैमध्ये लागण करतात. बियाणे, काठ्या, तार, मजुरी यांचा खर्च या पिकास आधी करावा लागतो आणि पैसा शेवटी येतो. पुनर्वसूचा तरणा पाऊस व पुष्याचा म्हातारा पाऊस यांची झड एकास एक लागून गेली, तर फळधारणेच्या सुमारास हा सर्व खर्च आठवड्याभरात काळा पडलेला पाहण्याची पाळी येते. शेतकरी यास एकच नाव देतो: करपा. परंतु करपा एक नाही.

लवकर येणारा करपा खालच्या जुन्या पानांवर प्रथम दिसतो. त्याचे तपकिरी ठिपके एकात एक वर्तुळे काढल्यासारखे असतात व भोवती पान पिवळे पडते. तो उबदार हवेत, पाऊस आणि ऊन यांच्या पाठशिवणीत वाढतो आणि पीक संपविण्यास त्याला काही आठवडे लागतात. उशिरा येणारा करपा याहून घातकी आहे. हवा गार, आभाळ ढगाळ आणि ओलावा अखंड असला की पानांच्या कडांवर पाण्यात भिजल्यासारखे काळपट चट्टे पडतात, पहाटे पान उलटून पाहिल्यास चट्ट्याच्या कडेस पांढरट बुरशी दिसते, खोड काळे पडते आणि हिरव्या फळांवर तपकिरी, टणक डाग येतात. ही तीच बुरशी आहे, जिने 1845 साली व त्यापुढील वर्षांत आयर्लंडमधील बटाट्याचे पीक नष्ट करून तेथे भयंकर दुष्काळ घडविला. बटाटा व टोमॅटो एकाच कुळातील असल्याने दोघांवरही ती सारखीच तुटून पडते. पहिला डाग दिसल्यापासून शेत जाण्यास आठ-दहा दिवस पुरतात. तेव्हा पहिल्या प्रकारात खालची रोगट पाने काढून फवारणीस एक-दोन दिवस उशीर झाला तरी चालते. दुसऱ्यात तो चालत नाही. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्त्याने शेतकऱ्यास एवढा फरक ओळखावयास शिकविला तरी मोठे काम होईल.

कोल्हापूरच्या शेतीत या रोगास आणखी एक हातभार लागतो, त्याचा विचार क्वचितच केला जातो. भाजीचे दहा-वीस गुंठे पुष्कळदा चारी बाजूंनी उसाने वेढलेले असतात. ऑगस्टमध्ये ऊस पुरुषभर उंच झाला की त्या खळग्यात वारा शिरत नाही. शेजारच्या उघड्या माळावरील पाने सकाळी नऊ-दहाला कोरडी होतात, तर येथील पाने दुपारपर्यंत ओली राहतात. औषध तेच, वाणही तोच. फळ मात्र निराळे. म्हणून पावसाळी टोमॅटोसाठी उसाच्या पोटातील जमीन निवडू नये. दुसरी जमीनच नसेल तर उसाकडील बाजूने निदान सहा-सात फूट पट्टा मोकळा सोडावा, दोन ओळींतील अंतर वाढवावे आणि उतार पाहून शक्य तेथे ओळी वाऱ्याच्या दिशेने धराव्यात. झाडे काठी-तारेवर बांधून खालची फूटभर पाने काढून टाकावीत. पावसाच्या थेंबाबरोबर मातीतील रोगजंतू उडून याच पानांवर बसतात. ही माती उडू नये म्हणून उसाचे पाचट अंथरणे हा आपल्याकडील स्वस्त उपाय होय. मात्र पन्हाळा, शाहूवाडी, राधानगरीकडील अतिपावसाच्या गावांत पाचटाखाली गोगलगायी फार माजतात. तेथे आच्छादनाचा प्लॅस्टिक कागद अधिक बरा.

फवारणीविषयी आता लिहिणे भाग आहे. करप्यावरील पुष्कळशी औषधे ढालीसारखी आहेत. बीजाणू रुजण्यापूर्वी ती पानावर असली तरच उपयोगी पडतात. भारतीय हवामान विभागाचा कृषी सल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो आणि त्यात पुढील पाच दिवसांचा अंदाज असतो. झड लागणार असे दिसताच, उघडीप असेपर्यंत, चिकट द्रव्य मिसळून पानांच्या दोन्ही बाजू भिजतील अशी फवारणी करावी. पाऊस चालू असताना फवारलेले औषध सरीत जाते आणि पैसा ओढ्यात.

बोर्डो मिश्रण हे या कामी सर्वांत जुने साधन. फ्रान्समधील बोर्दो भागात द्राक्षांवरील केवडा रोगासाठी 1885 च्या सुमारास ते प्रचारात आले आणि अद्याप त्याची उपयुक्तता गेलेली नाही. एक टक्का मिश्रणासाठी 100 ग्रॅम मोरचूद 5 लीटर पाण्यात व 100 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या 5 लीटर पाण्यात, वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यांत विरघळवावा. लोखंडी भांडे वापरू नये. चुन्याची निवळी फडक्याने गाळून घ्यावी आणि मोरचुदाचे पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतीत काठीने ढवळावे. उलट करू नये. आकाशी रंगाचे मिश्रण तयार झाल्यावर स्वच्छ विळा त्यात थोडा वेळ बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर आला तर मोरचूद मोकळे आहे असे समजून आणखी चुन्याचे पाणी घालावे, नाही तर पाने भाजतील. मिश्रण त्याच दिवशी संपवावे व त्यात दुसरे कीटकनाशक मिसळू नये. अगदी कोवळ्या रोपांवर ते निम्म्या ताकदीचे वापरावे. ज्यांना हा खटाटोप नको, त्यांच्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा मॅन्कोझेब बाजारात मिळते. उशिराचा करपा शेतात शिरल्यावर मात्र आंतरप्रवाही औषधाची गरज पडते. तेच ते औषध पुनःपुन्हा मारल्यास बुरशी त्यास दाद देईनाशी होते, म्हणून ते बदलून वापरावे. टोमॅटोची तोडणी दर दोन-तीन दिवसांनी होते, ही गोष्टही विसरू नये. आधी तोडणी, मग फवारणी, आणि डब्यावरील पत्रकात सांगितलेले प्रतीक्षेचे दिवस संपल्यावरच पुढची तोडणी, असा क्रम ठेवावा.

पूर ओसरल्यावर

ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 या दोन्ही महापुरांत राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी 55 फुटांपलीकडे गेले होते. तेथील इशारा पातळी 39 फूट व धोका पातळी 43 फूट आहे. 2005 चा पूरही अनेकांच्या स्मरणात आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले की नदीकाठच्या माणसाचे लक्ष बंधाऱ्याच्या आकड्याकडे लागते, ते उगीच नव्हे. पूर्ण बुडालेल्या भाजीपाल्यात वाचविण्यासारखे काही उरत नाही. प्रश्न असतो तो काठावरच्या शेतांचा, जेथे पाणी एक-दोन दिवस गुडघाभर उभे राहून गेले आणि पीक अजून हिरवे आहे.

अशा शेतात पाणी ओसरल्यानंतर चार-आठ दिवसांनी झाडे सुकू लागतात. शेतकरी म्हणतो, मर लागली. आणि दुकानदार देईल ते औषध मुळाशी ओततो. येथे घाई न करता एक झाड उपटून पाहणे अगत्याचे आहे, कारण वरून सारखी दिसणारी ही मर तीन निरनिराळ्या कारणांनी येते. पहिले कारण केवळ पाणी. मुळे तपकिरी, मऊ होतात, त्यांस कुजका वास येतो, आणि सुकलेली झाडे शेताच्या सखल भागात एकगठ्ठा असतात. दुसरी बुरशीजन्य मर. तीत खालची पाने आधी पिवळी पडतात, झाड सावकाश सुकते आणि खोड उभे चिरले असता आतील नळ्या तपकिरी दिसतात. तिसरी जिवाणूजन्य मर ही सर्वांत वाईट. तीत झाड हिरवे असतानाच एका दिवसात मान टाकते. तिची परीक्षा कोणासही करता येते. जमिनीलगतच्या खोडाचा बोटभर तुकडा कापून काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात, कापलेले टोक जेमतेम बुडेल असा, धरावा. थोड्याच वेळात दुधासारखी बारीक धार खाली उतरू लागली तर जिवाणू आहेत असे समजावे.

या परीक्षेवर पुढील सर्व निर्णय अवलंबून आहेत. नुसत्या पाण्याने खचलेल्या शेतात चर काढून पाणी बाहेर घालवावे, वाफसा येताच हलकी खांदणी करून मुळांना हवा द्यावी, पानांवरील गाळ स्वच्छ पाण्याने धुऊन काढावा. वाफसा येण्यापूर्वी युरिया टाकू नये. कुजलेली मुळे तो घेऊ शकत नाहीत. बुरशीजन्य मरीत रोगट झाडे काढून शेजारच्या झाडांच्या मुळाशी कॉपर ऑक्सिक्लोराईडचे द्रावण ओतावे. जमीन सुधारल्यावर शेणखतात वाढविलेले ट्रायकोडर्मा द्यावे, पण ही दोन्ही एकाच दिवशी नव्हेत, कारण ताम्रयुक्त औषधाने ट्रायकोडर्माचीही बुरशी मरते. जिवाणूजन्य मर निघाल्यास मात्र उभ्या पिकावर औषधाचा खर्च करण्यात अर्थ नाही. रोगट झाडे मुळासकट काढून शेताबाहेर नष्ट करावीत, त्या ओळीचे पाणी दुसऱ्या ओळीत जाऊ देऊ नये आणि त्या जमिनीत निदान दोन-तीन वर्षे टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा यांपैकी काहीही लावू नये. मका, ज्वारी किंवा ऊस घ्यावा. कोल्हापूरच्या शेतकऱ्यास उसाचा फेरपालट अवघड नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची बाब. पुढे टोमॅटो घ्यावयाचाच झाल्यास बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने काढलेल्या अर्का रक्षकसारख्या, या रोगास दाद न देणाऱ्या वाणाचा विचार करावा.

नदीकाठच्या जुन्या माणसांची रीत या बाबतीत विचारात घेण्यासारखी आहे. पावसाळ्यात मळीच्या रानात ती नाजूक भाजीपाल्यावर पैसा गुंतवीत नसत; पाणी उतरल्यावर त्याच गाळाच्या जमिनीत वांगी लावीत. कृष्णाकाठच्या वांग्यांचा लौकिक या गाळावर उभा आहे. पूररेषेतील शेतात जूनमध्ये टोमॅटो लावणे म्हणजे पुष्य नक्षत्राशी पैज मारणे होय, आणि अलीकडच्या वर्षांत ही पैज बऱ्याच जणांना महाग पडली आहे. शिरोळच्या ज्या जमिनी अतिपाण्याने क्षारपड झाल्या आहेत, तेथे तर पूर नसतानाही मुळे गुदमरतात. तेथे जमिनीखालून सच्छिद्र नळ टाकून निचरा केल्याशिवाय कोणत्याही औषधाचा गुण येणार नाही.

पाऊस थांबल्यावर

हस्त व चित्रा नक्षत्रांतील ऊन तापू लागले की बुरशी मागे हटते आणि शत्रूचे रूप बदलते. पांढरी माशी, फुलकिडे व मावा यांची पैदास कोरड्या, उबदार हवेत झपाट्याने होते आणि ही कीड विषाणू वाहून नेते. मिरचीची पाने वळून चुरडा-मुरडा होतो, टोमॅटोचा शेंडा आखडतो, भेंडीच्या शिरा पिवळ्या होतात. भेंडीच्या या रोगास आपल्याकडे केवडा म्हणतात आणि काकडी-दोडक्यावरील बुरशीच्या रोगासही केवडाच म्हणतात. नावाच्या या घोटाळ्यामुळे भेंडीवर बुरशीनाशक फवारणारे शेतकरी दरवर्षी भेटतात. विषाणूवर औषध नाही. रोगट झाड दिसताच उपटणे, रोपे बारीक जाळीखाली वाढविणे, कडेने मक्याच्या दोन-तीन दाट ओळी लावणे आणि निळे-पिवळे चिकट सापळे टांगणे, हेच काय ते मार्ग. परभणी क्रांतीसारखे भेंडीचे वाण केवड्यास प्रतिकारक म्हणून प्रसिद्ध झाले, परंतु प्रतिकारशक्ती कायमची टिकत नाही. वाण निवडताना आपल्या परिसरातील मागील दोन हंगामांचा अनुभव विचारावा.

गडहिंग्लजच्या बाजारात नाव मिळविलेल्या संकेश्वरी मिरचीस या काळात विशेष जपावे लागते. फुलकिड्यांनी पाने वर वळतात, कोळ्यांनी खाली वळतात. एवढी खूण लक्षात ठेवल्यास चुकीची फवारणी टळते. दक्षिण भारतात 2021 मध्ये मिरचीचे मोठे नुकसान करणारे काळे फुलकिडे पानांपेक्षा फुलांत अधिक सापडतात, म्हणून पांढऱ्या कागदावर फूल झटकून पाहण्याची सवय लावून घ्यावी. परतीचा पाऊस लांबला तर पिकत आलेल्या मिरचीवर फळकुज व फांद्या वाळण्याचा रोग येतो. लाल झालेली मिरची झाडावर राखून न ठेवता तोडून, ओल्या जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर वाळवावी.

शिरोळ-हातकणंगल्याकडील थोड्या द्राक्षबागांना व शेजारच्या मिरज-तासगाव भागास हाच परतीचा पाऊस छाटणीनंतरच्या कोवळ्या घडांवर गाठतो. तेथील बागायतदार केवडा व भुरी यांच्या बाबतीत पुरेसे जाणकार असल्याने अधिक लिहिण्याची आवश्यकता नाही. केळीच्या बागांत सिगाटोका करप्याची पाने पावसाळा संपताना कापून बागेबाहेर न्यावीत. कापून बुंध्याशीच टाकण्याची पद्धत रोग पोसणारी आहे.

थंडीत दव व धुके पडू लागले म्हणजे पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत आंबा व काजूच्या मोहोराची काळजी सुरू होते. दव व ढगाळ हवेत आंब्यावर तुडतुडे आणि भुरी सोबतच येतात. तुडतुड्यांचा चिकट स्राव पानांवर दिसला तर पहिली फवारणी आधीच हुकली आहे असे समजावे. ती मोहोर फुटण्याच्या सुमारास व्हावयास पाहिजे. चंदगड व आजरा तालुक्यांतील काजूच्या कोवळ्या पालवीवर आणि मोहोरावर ढेकण्या रस शोषतो. त्याच्या डंखाच्या जागी काळे चट्टे पडून मोहोर वाळतो, आणि शेतकरी त्यास धुक्याने जळाला असे म्हणून सोडून देतो. पालवी फुटताच सकाळी झाडाखाली उभे राहून कोवळे शेंडे न्याहाळावेत. फवारणी करावयाची झाल्यास ती सायंकाळी, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर करावी, कारण काजूच्या बोंडाची धारणा बऱ्याच अंशी अशा कीटकांवर अवलंबून असते.